श्वेताची शिफारस

वेळूवाडीच्या ग्रामपंचायतीत रत्नप्रभा सात वर्षं ग्रामसेविका होती. गावातली म्हातारी माणसं ग्रामसेवकाला म्हणायच्या सवयीने तिलाही 'भाऊसाहेब' म्हणत आणि मग जीभ चावत. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचं टेबल, आतल्या खोलीत संगणकापुढे श्वेता. श्वेता शेणव्याची, चोवीस वर्षांची. दाखले काढायचे, घरपट्टीच्या नोंदी चढवायच्या, ग्रामसभेचं इतिवृत्त टाइप करायचं, ही तिची कामं. आली तेव्हा तिला ठराव कसा लिहितात तेही ठाऊक नव्हतं. सगळं रत्नप्रभाने शिकवलं. डबाही दोघी एकत्र खात.

जानेवारीतल्या एका दुपारी डबा उघडता उघडता श्वेता म्हणाली, "ताई, एक सांगू? पण हसायचं नाय."

"सांग की."

"मी एम.ए.चा फॉर्म भरते. लोकप्रशासनाचा. मुंबईच्या त्या मोठ्या संस्थेत." तिने संस्थेचं नाव सांगितलं.

रत्नप्रभाचा घास हातातच राहिला. ते नाव तिला नवीन नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी त्याच संस्थेच्या लेखी परीक्षेत ती पास झाली होती. मुलाखतही झाली, निवड झाल्याचं पत्र धसईला घरी आलं. त्याच महिन्यात ग्रामसेवकाच्या नोकरीची ऑर्डरही आली. वडील म्हणाले, तुझं तू ठरव. तिने दोन दिवस विचार केला आणि नोकरी घेतली. म्हणजे कुणी अडवलं नव्हतं. हेच तिला जास्त टोचत असे. अडवणारा कुणी असता, तर निदान त्याच्यावर राग तरी धरता आला असता.

"चांगलंय," ती म्हणाली. "भर."

"दोन शिफारसपत्रं लागतात. एक कॉलेजच्या सरांचं, आणि एक जिच्या हाताखाली काम केलं तिचं. तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

"देईन की."

तेवढ्यावर ते बोलणं संपलं. पण त्या दिवसापासून रत्नप्रभाला श्वेताच्या टाइप केलेल्या कागदांत चुका दिसायला लागल्या. अनुस्वार राहिला, तारीख उजवीकडे हवी होती, समास कमी सोडला. पूर्वी असल्या चुका ती स्वतःच पेनने दुरुस्त करायची. आता कागद परत आतल्या खोलीत जायचा. काम नसलं की श्वेता पुस्तक उघडून बसायची, आणि बरोबर त्याच वेळी रत्नप्रभाला घरकुलाची यादी आठवायची.

"आजच पाहिजे का ताई?"

"मागितलीय म्हणजे आजच."

एकदा दाखल्यासाठी आलेली जनाबाई श्वेताच्या हातातलं जाडजूड पुस्तक बघून कौतुकाने म्हणाली, "ही पोरगी उद्या मोठी साहेब होनार बघा, ताई. तुमच्या वर." बाई भोळेपणाने बोलली. रत्नप्रभा हसली, दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. शिक्का इतक्या जोरात मारला की खालच्या कागदावरही उमटला.

फेब्रुवारीत श्वेताने अर्जासोबतचा निबंध वाचायला दिला. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे, असा विषय होता. श्वेताने पलीकडच्या पाड्याबद्दल लिहिलं होतं.

ती गोष्ट आदल्या मे महिन्यातली. रत्नप्रभाची आई भीमाबाई आजारी पडली म्हणून ती दहा दिवस धसईला होती. त्या दिवसांत ओढ्यापलीकडच्या कातकरी पाड्याची विहीर आटली. गावाला टँकर येत होता, पण पाड्याला मिळेना, कारण कागदावर तिथे चारच घरं होती. मोजणी झाली तेव्हा बाकीचे सगळे वीटभट्टीवर गेले होते. आता ते परतले होते. श्वेता भर उन्हात वही घेऊन पाड्यावर गेली, एकेक घर आणि एकेक माणूस मोजलं. सत्तावीस घरं, एकशे एकतीस माणसं. प्रस्ताव लिहिला, सरपंचांची सही घेतली आणि स्वतः एसटीने शहापूरला तालुक्याच्या ऑफिसात नेऊन दिला. कुणी लक्ष देईना, तर तिथल्या बाकावर दोन दिवस बसून राहिली. पाचव्या दिवशी पाड्यात टँकर गेला. रत्नप्रभा रजेवरून परतून पाड्यावर गेली, तेव्हा पोरं तिच्या मागे बघत विचारत होती, "ती ताई नाय आली?"

निबंधात हे सगळं साध्या शब्दांत होतं. उगाच फुगवलेलं काही नव्हतं. रत्नप्रभाने दोनदा वाचला. सोळा वर्षांपूर्वीचा आपला निबंध तिला आठवला. त्यात मोठमोठी वाक्यं होती, माणूस एकही नव्हता.

"बराय," ती म्हणाली. "थोडा लांबलाय."

"काय काढू?"

"तुझं तू बघ."

मग संस्थेकडून शिफारसपत्राची लिंक आली. रत्नप्रभाने ती आठ दिवस उघडली नाही. श्वेताने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तिने नेटचं कारण सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी श्वेता चहाचा कप ठेवून नुसती उभी राहिली.

"करतेय गो, करतेय," रत्नप्रभा म्हणाली, आणि श्वेताला तलाठ्याकडे कागद द्यायला पाठवलं.

ऑफिसात ती एकटी होती. फॉर्ममध्ये चौकोन होते. कामाचा दर्जा, प्रामाणिकपणा, लोकांशी वागणं. प्रत्येकापुढे उत्कृष्ट, चांगला, सरासरी. तिने सगळीकडे 'चांगला' निवडलं. अशा फॉर्मात 'चांगला' म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं. आपल्या मराठीत आपण म्हणतो ना, ठीकय, तसं. खाली चार ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं की श्वेता वेळेवर येते, सांगितलेलं काम मन लावून करते. मग ती थांबली. बाहेर कुणाची तरी बाइक गेली. तिने शेवटची ओळ लिहिली: 'स्वतंत्रपणे निर्णय घेण्याची सवय तिला अजून लागायची आहे.'

ती ओळ खोटी होती, आणि लिहिताना तिला ते माहीत होतं. तिने बटण दाबलं.

श्वेता परत आली. "झालं?"

"झालं."

"ताई, तुमचे उपकार..."

"काम कर," रत्नप्रभा म्हणाली.

लेखी परीक्षा झाली. श्वेता पास झाली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मुलाखतीला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सगळं सांगितलं, अगदी कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं तेही. रत्नप्रभा पाण्याच्या टाकीची फाइल चाळत ऐकत होती.

"तिघं होते. एका मॅडमनी माझा निबंध पुढे ठेवला होता. म्हणाल्या, तू लिहिलंस टँकरचं काम तू केलंस. हा निर्णय खरंच तुझा होता, की कुणी सांगितलं म्हणून केलंस? मी म्हटलं, माझा. तर त्या म्हणाल्या, नक्की? तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही असंच वाटेल?"

रत्नप्रभाचं पान उलटायचं राहिलं. "मग?"

"मी जरा गडबडले. असं का विचारतात कळेना. मग म्हटलं, ताई तेव्हा रजेवर होत्या, म्हणून गेले मी. पण माणसं मोजल्याशिवाय कागद लिहायचा नाय, हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे अर्धा निर्णय त्यांचाच." ती हसली. "बरोबर बोलले ना?"

"बरोबर," रत्नप्रभा म्हणाली. फाइल बंद करून ती मागच्या नळावर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

जूनमध्ये यादी लागली. श्वेता निवडीत नव्हती. प्रतीक्षा यादीत चौथी होती. मोबाइल हातात घेऊन ती आतल्या खोलीतून आली, तेव्हा तिचा चेहरा इतका कोरा होता की रत्नप्रभाने न विचारताच ओळखलं. आणि सगळ्यात आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलावं तसं. क्षणभरच, पण अगदी स्पष्ट. त्याच्या मागोमाग तिला स्वतःची भीती वाटली.

"चौथी म्हणजे होईल," ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला.

"नाय होत हो ताई. अशी जागा कोण सोडतं?"

त्या रविवारी रत्नप्रभा मुरबाडहून धसईची एसटी पकडून आईकडे गेली. भीमाबाई पडवीत भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. रत्नप्रभा शेजारी बसली, शेंगा हातात घेतल्या आणि एकेक करत सगळं सांगितलं. म्हातारीने सोलणं थांबवलं नाही.

"तुला कुणी नाय म्हटलं होतं का गो तेव्हा?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग त्या पोरीनं काय घेतलं तुझं?"

"काय नाय."

"मंग मला कशाला सांगतेस? मी काय करू? जिचं वाकडं केलंस तिला सांग."

सोमवारी रत्नप्रभाने आधी संस्थेला मेल लिहिला. शिफारसपत्रातली शेवटची ओळ खरी नाही, टँकरचा निर्णय श्वेताने एकटीने घेतला होता, ती ओळ मी माझ्या मनातल्या कारणासाठी लिहिली. 'मनातल्या कारणासाठी' हे शब्द तिने तीनदा खोडले आणि शेवटी तसेच ठेवले. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आलेली शिफारसपत्रं बदलता येत नाहीत, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. श्वेताला मात्र तिने काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज डबा संपायचा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रतीक्षा यादी सरकली. वरच्या काही जणांनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता. श्वेताला जागा मिळाली. मेलचा काही उपयोग झाला की नुसता योग, हे रत्नप्रभाला कधीच कळलं नाही.

शेणव्याच्या विहारात श्वेताचा सत्कार ठेवला. बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. श्वेताच्या आईने, सुंदराबाईने, आग्रह धरला की मार्गदर्शक म्हणून ताईंनी दोन शब्द बोलावेत. रत्नप्रभा उभी राहिली. समोर साठ-सत्तर माणसं, पहिल्या रांगेत निळी साडी नेसलेली श्वेता. खरं सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. मग तिला वाटलं, आज मी रडले तर लोक माझ्याकडे बघतील. हा दिवसही मी माझाच करून घेईन. ती पाड्याची गोष्ट बोलली. सत्तावीस घरं, एकशे एकतीस माणसं, बाकावरचे दोन दिवस. "हे हिने एकटीने केलं," ती म्हणाली. "मी तेव्हा इथे नव्हते. मला यातलं काही श्रेय नाही." लोकांना तो तिचा मोठेपणा वाटला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तिला सहन झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी श्वेता चाव्या आणि रजिस्टरं ताब्यात द्यायला आली. रत्नप्रभाने तिला बसायला सांगितलं आणि पत्रातली ती ओळ शब्दन् शब्द सांगितली. मेलचंही सांगितलं.

श्वेताने हातातल्या चाव्या मांडीवर ठेवल्या.

"म्हणून त्या मॅडमनी विचारलं," ती म्हणाली.

"हो."

"का पण, ताई?"

"जळले," रत्नप्रभा म्हणाली. दुसरा शब्द तिला सापडला नाही, आणि शोधावासाही वाटला नाही. "मला जायचं होतं तिथे. मी गेले नाय. तू चाललीस."

"मी तिथं तुमचं नाव घेतलं. अर्धा निर्णय त्यांचा म्हटलं." श्वेता म्हणाली. "दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मला एवढं लागलं नसतं."

तिने चाव्या टेबलावर ठेवल्या, रजिस्टरवर सही केली आणि निघाली. पाया पडली नाही. रत्नप्रभाने ती अपेक्षाही ठेवली नव्हती. दारात चप्पल घालून श्वेता गेली.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नवीन माणूस मिळेपर्यंत दाखले आणि नोंदी रत्नप्रभालाच कराव्या लागत होत्या. श्वेताचा फोन नाही, मेसेज नाही. तिच्या स्टेटसवर कधी वर्गाचा फोटो असायचा, कधी उंच झाडांखाली बसलेल्या मुलींचा. रत्नप्रभा तो पूर्ण वेळ संपेपर्यंत बघायची.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, एका दुपारी मेसेज आला. खाली-वर काही नाही, खुशाली नाही.

'ताई, स्थलांतरित कुटुंबांवर प्रोजेक्ट करतेय. पाड्यावर या वर्षी किती घरं भट्टीवर गेली? मोजलीत का?'

रत्नप्रभाने मोजली नव्हती. मेसेजसोबत चुकून की मुद्दाम, प्रोजेक्टच्या पहिल्या पानाचा फोटो होता, त्यावर श्वेताचं पूर्ण नाव आणि खाली संस्थेचं नाव. ते बघून तीच जुनी जळजळ वर आली. गेली असेल असं तिला वाटलं होतं, पण गेली नव्हती. ती ओसरेपर्यंत रत्नप्रभा खुर्चीत बसून राहिली. मग शिपायाला ऑफिसकडे लक्ष ठेवायला सांगितलं, कोरी वही काढली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.