टेपचं तुटकं टोक

एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले तीन उचला. तेवढ्याने मी हरले. हे वाक्य बोलायलाच त्याहून हजारपट वेळ लागतो, आता काय बोलणार कपाळ!

शंभर मीटरची अंतिम फेरी होती. जगातल्या सगळ्यात वेगवान आठ बायका, आणि पंच्याण्णव मीटरपर्यंत मी पुढे. आमच्यात रेषेवर आधी छाती कुणाची पोचते ते बघतात, हात किंवा डोकं नाही. म्हणून शेवटच्या पावलाला सगळ्याच छाती पुढे टाकून झुकतात. मी एक पाऊल आधी झुकले. रेषा आली तेव्हा मी परत सरळ होत होते, आणि शेजारच्या पट्ट्यातली बाई अगदी वेळेवर झुकली. अठरा वर्षांचा खेळ तिथे आटोपला.

चार महिन्यांत बुटांच्या कंपनीने करार मोडला. पत्र फार गोड होतं. पुढच्या हंगामात उतरले तर पहिल्या फेरीतच बाहेर. सुरुवातीच्या ठोकळ्यांवर पाय ठेवले की मला शेवट आठवायचा आणि पायांतलं बळच जायचं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा बूट पिशवीत कोंबले आणि घरी आले. अठ्ठाविसाव्या वर्षी बापाच्या घरी, जुन्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीवर अजून माझे फोटो होते. ते मी उलटे करून लावले. आईने काढून कपाटात ठेवले आणि एक अक्षर बोलली नाही.

बाबा मात्र बोलायचे. बाबा शिंपी. दुकान खाली, घर वर. जेवायला बसलो की दुसऱ्या घासाला ठरलेला प्रश्न यायचा.

"मला एवढंच सांग, तू आधी का झुकलीस गं?"

"माहीत नाही."

"अगं, तुला रेषा दिसत नव्हती का? एवढी ठसठशीत पांढरी रेषा!"

"दिसत होती, बाबा."

"मग?"

"अहो, तिला जेवू द्या," आई म्हणायची. मग कुणीच नीट जेवायचं नाही. असं वर्षभर, रोज. काही दिवस तर मला वाटायचं, ताट उचलून भिंतीवर फेकावं. पण रागावू कुणावर? चूक माझीच होती. कशी झाली ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाच यायचा, आणि तो आला की उठावंसं वाटायचं नाही.

आई म्हणाली, काहीतरी काम धर. म्हणून क्रीडासंकुलात लागले. पळायला नाही, तर मैदान आखायला! तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना मैदानकाका म्हणत. त्यांच्या हाताखाली मी चुन्याच्या रेषा मारायची. "इतकी वर्षं या रेषांवरून पळालीस, आता त्यांची सेवा कर," ते म्हणाले आणि खो खो हसले. मलाही हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं. अंतर मोजायला त्यांच्याकडे लांब दांड्याचं चाक होतं. ढकलत नेलं की दांड्यावर आकडे पडायचे.

एके दिवशी ते चाक दुसऱ्या मैदानावर पोचवायचं होतं, म्हणून संध्याकाळी मी ते घरी आणलं. आमच्या घरामागे गोदामाची लांबलचक भिंत आहे. भिंतीलगत सरळ डांबरी वाट, आणि वाटेवर दोन पांढऱ्या रेषा. त्या बाबांनी आखलेल्या, मी नऊ वर्षांची असताना. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, पोरगी पळते, हिला शंभर मीटर पळवा. बाबांनी त्याच दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि आपल्या टेपने शंभर मीटर मोजले. मी मागेमागे नाचत होते. दरवर्षी ते नवा रंग द्यायचे. मोठी झाल्यावरही, स्पर्धांहून घरी आले की मी तिथेच पळायची. त्या वाटेवर डोळे मिटूनही मला शेवट कळायचा.

उगाच चाळा म्हणून चाक पहिल्या रेषेवर ठेवलं आणि चालत गेले. दुसऱ्या रेषेवर आकडा पाहिला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहासष्ट.

चाक बिघडलं असेल म्हणून परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहासष्टच. शंभराला सव्वा मीटरहून जास्त कमी. एक पाऊलसुद्धा नाही, पण जवळजवळ पाऊलच. मी तिथेच डांबरावर बसले. मोठ्या मैदानांवर प्रशिक्षकांनी घोकून घेतलेलं सगळं मला यायचं. पण जीव घाबरला की माणूस सगळ्यात आधी शिकलेलंच करतो. त्या फेरीत मी घाबरले होते, आणि माझ्या अंगाने बाबांची रेषा गाठली.

दुकानात गेले तेव्हा बाबा एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. बाबांची टेप त्यांच्या वस्तादाने दिलेली. तिचं पितळी टोक कधीच गेलं होतं, आणि पुढचे दोन सेंटीमीटरही झिजून तुटले होते. बाबा ती टाकत नसत. तुटलेल्या जागी ते आपलं बोट ठेवायचे, बोटापासून पुढे टेप, माप बिनचूक. "माझं बोट आहे ना," म्हणायचे. मी ते लहानपणापासून पाहत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं. वाटेवर मोजताना बाबांच्या एका हातात खडू होता, दुसऱ्यात टेप. बोट ठेवायला तिसरा हात कुठून आणणार? दीड मीटरची टेप, सदुसष्ट वेळा ठेवलेली, आणि प्रत्येक वेळी दोन सेंटीमीटर गेलेले.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलंच, "तू आधी का झुकलीस गं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्यामुळे! हे इतकं ओठांवर आलं होतं की मी घटाघटा पाणी प्यायले. समोर बाबा बसले होते, साठी उलटलेले. माझं नाव छापून आलेला प्रत्येक कागद जपून ठेवणारे. गिऱ्हाइकांना सांगणारे की हिचा पहिला ट्रॅक मी केला, या हातांनी. त्यांच्याकडे दाखवायला दुसरं होतं काय?

"घाबरले, बाबा," मी म्हणाले. "घाबरले म्हणून झुकले."

ठरवलं, हे यांना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. माझं जे व्हायचं ते झालंय, निदान यांचं तरी शाबूत राहू दे. दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली. तुटकं टोक डोळ्यांसमोर राहिलं तर कधीतरी त्यांना हिशेब लागेल, म्हणून जुनी गुपचूप कचऱ्याच्या गाडीत टाकली. नव्या टेपला चकचकीत टोक होतं. बाबांनी जुनीसाठी दुकान पालथं घातलं, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग कुरकुरत नवी गळ्यात घातली. मला वाटलं, सुटले. शहाणीच ना मी!

तीन आठवड्यांनी एक गिऱ्हाईक पँट घेऊन परत आलं. कंबरेला बसेना. "शिंपीदादा, मी आठवडाभर अर्धपोटी राहतोय, बायको म्हणते सुटलास तू!" बाबा हसले, कंबर सैल करून दिली. मग एका बाईंच्या बाह्या आखूड आल्या. मग एका म्हाताऱ्यांचा कोट छातीला आवळायला लागला. सगळं दोन सेंटीमीटरने कमी. तीस वर्षांत बाबांचं एक कापड परत आलं नव्हतं, आणि आता टेबलावर ढीग. बाबांनी चष्मा बदलला. मशीन उघडून साफ केलं. आपल्या हातांकडे बघत बसायला लागले. आई म्हणाली, वय झालं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा पडला की मी तिथून उठले.

मला कळत होतं काय होतंय. टेप नवी होती, पण बोट जुनंच. सवयीने ते टोकाआधी बोट ठेवत होते. मी सांगायला हवं होतं, 'बाबा, आता बोट नको.' पण ते म्हणाले असते, का? म्हणून मूग गिळून गप्प बसले.

रविवारी दुपारी मी खाली आले तर ते कापडावर टेप पसरून बसले होते. बोट ठेवत होते, काढत होते. ठेवत होते, काढत होते. मला पाहून हसले. "अगं, बोट! मीच गाढव! नव्या टेपला बोट कशाला?" फार मोकळं हसले. मीही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं आणि त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हणाले, "चहा टाकू?"

ते टेप घेऊन उठले. मी हात धरला, त्यांनी तो सोडवला. खिडकीतून मी पाहत होते. ते गुडघ्यांवर बसून टेप ठेवत, खडूने खूण करत, पुढे सरकत होते. नऊ वर्षांची असताना मी मागेमागे नाचले होते, आता मला दारापर्यंतही जाववेना. जुन्या रेषेपाशी ते थांबले नाहीत. पुढे सरकले आणि तिथे खूण केली. मग दोन खुणांच्या मधे डांबरावर तसेच बसून राहिले.

आत आले तेव्हा पँटचे गुडघे फाटले होते. शिंप्याची पँट!

"सगळ्या परक्या लोकांना बोट ठेवलं गं मी," ते म्हणाले. "तुला तेवढं नाही ठेवलं."

"बाबा, मी घाबरले होते, म्हणून—"

"तुला माहीत होतं. म्हणून टेप बदललीस."

 

दुकान आता बंद असतं. बाबा कुणाचं माप घेत नाहीत, हात थरथरतात म्हणतात. थरथरत नाहीत, मी पाहिलंय. जेवायला आम्ही तिघं बसतो. दुसरा घास येतो आणि मी बाबांकडे बघते. विचारा ना, बाबा, एकदा तरी विचारा. शिव्या द्या मला, म्हणा की पोरगी भित्री निघाली. ते मान खाली घालून जेवतात, ताट घेऊन उठतात आणि स्वतःच धुऊन ठेवतात.