पेन्सिलीची नाडी

शुक्रवारी संध्याकाळी इस्त्रीवाल्याच्या दुकानात कपड्यांसाठी कोणी येत नसे. लोक यायचे ते श्वासगुरूला बघायला. घड्या घातलेल्या शर्टांच्या चळतीला टेकवून फोन उभा केलेला असायचा. दुकानात मावतील तेवढे आत आणि उरलेले पायऱ्यांवर, अशी माझ्या भावाच्या इमारतीतली निम्मी माणसं त्या फोनकडे डोळे लावून बसायची.

स्क्रीनवर पांढऱ्या शर्टातला, गोड चेहऱ्याचा एक माणूस असे. त्याच्यामागे ऑक्सिजनच्या जुन्या यंत्रांची रांग. ही यंत्रं घरात वापरायची, छोट्या कपाटाएवढी. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून ती नळीवाटे नाकाशी देतात. नवीन घ्यायची ऐपत नसलेल्यांना हा माणूस जुनी विकत असे, इंटरनेटवरून, घरपोच.

“मशीन मरत नाही, माझ्या माणसांनो,” तो सांगत होता. “मशीन रुसतं. हॉस्पिटलवाले म्हणतात, भंगार. मी म्हणतो, लेकरू आहे, जरा समजूत काढा.”

त्याने डोळे मिटून एका बंद यंत्रावर तळहात ठेवला. ओठ हलले. दुकानातलं कोणी खोकेना. मग यंत्रातून घरघर सुरू झाली आणि हिरवा दिवा लागला.

“उठलं बघा,” पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणालं, शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असावं अशा आवाजात.

त्यानंतर एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवण्यात आलं. बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चौऱ्याऐंशी. नाकाला त्या यंत्राची नळी लावली, आणि मिनिटभरात आकडा सत्त्याण्णव. जोडलेल्या हातांची चित्रं स्क्रीनवर इतकी दाटली की त्यांच्यामागे गुरूचा चेहरा दिसेनासा झाला.

“बोला, कोणाच्या घरी श्वास अडकलाय?”

इस्त्रीवाल्याने पडद्याकडे मान वळवली. पडद्यामागच्या खोलीत त्याची बायको झोपून असे. तिच्याजवळ असंच एक यंत्र घरघरत होतं. इमारतीतलं पहिलं गिऱ्हाईक तोच.

“तेव्हापासून एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही,” तो म्हणाला.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दादाने खिशातून फोन काढला.

“आधी डॉक्टरांना विचारू,” मी म्हणाले.

“विचार तू. अप्पा तोवर श्वास धरून बसतील.”

अप्पांनी, आमच्या वडिलांनी, उमेदीची सगळी वर्षं दगड घासण्याच्या कारखान्यात काढली होती, आणि ती धूळ आता त्यांच्या फुप्फुसांत बसली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं होतं. सरकारी दवाखाना यंत्र उसनं देतो, पण त्यासाठी रांग होती. निघताना डॉक्टरांनी बोटाला लावायचा मीटर दिला आणि बजावलं, “आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की फोन करत बसू नका. उचला आणि या.” घरात तो आकडा अठ्ठ्याऐंशी आणि नव्वदच्या मध्ये लोंबकळत असे. वहिनी पोळ्या लाटता लाटता येऊन बघून जायची. दादाला झोप नव्हती. अशा माणसाला ‘थांब’ म्हणणं सोपं नसतं.

यंत्र आलं. सोबत एक नवा मीटर फुकट. अट एकच होती: घरातला जुना मीटर परत करायचा.

“एका घरात दोन मीटर असले की मनं दोन होतात,” घेऊन आलेला माणूस पाठ केल्यासारखं म्हणाला. “आणि हे झाकण उघडायचं नाही. परक्याचा हात लागला की मशीन रुसतं. शंका घेणाऱ्याने जवळ उभं राहू नये.”

दादाने दवाखान्याचा मीटर त्याच्या हातात ठेवला. मी तेव्हा शाळेत होते, आठवीच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवत.

नंतरचे काही दिवस घरात खरोखर आनंद होता. नळी नाकाला लागली की अप्पा म्हणत, “गार वाटतं.” मीटरवर सत्त्याण्णव. कधी अठ्ठ्याण्णव. वहिनीने मला फोनवर सांगितलं, “अहो वन्सं, कालपासून त्यांच्याकडे सारखं बघावंसं वाटत नाही. आकडाच सांगतो.”

रविवारी मी गेले. अप्पा मला बघून हसले आणि त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणाले. मी हात हातात घेतला. तो गार होता आणि नखं जांभळट.

“दादा, नखं बघ.”

“थंडी आहे.”

“ओठ पण?”

“आल्या आमच्या विज्ञानवाल्या.” तो चिडला नव्हता, फार दमला होता. “सत्त्याण्णव आहे गं. माझ्यावर नको, मीटरवर तरी विश्वास ठेव.”

तेवढ्यात अप्पांना खोकल्याची उबळ आली. वहिनीने त्यांना उठवून बसवलं, मी पाठ चोळली. उबळ ओसरली तेव्हा मीटर बोटावरून निसटून पांघरुणावर पडलेला दिसला. चिमट्यात चादरीचा कोपरा अडकला होता.

मीटरवर आकडा होता सत्त्याण्णव. खाली नाडीचे ठोके, चौऱ्याहत्तर.

आम्ही तिघांनीही तो पाहिला. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि मीटरच्या चिमट्यात धरली. क्षणभरही न अडखळता आकडा उमटला. अठ्ठ्याण्णव. नाडी बहात्तर.

“पेन्सिलीची तब्येत अप्पांपेक्षा बरी आहे,” वहिनी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

“मीटर बिघडलेला असेल,” दादा म्हणाला. “मशीन चांगलं आहे. त्यांना गार वाटतं ना?”

“गार वाटतं ते नाकाशी वारा लागतो म्हणून. खिडकीशी बसवलं तरी दम लागलेल्याला बरं वाटतं. त्यात ऑक्सिजन किती, ते नाकाला कळत नाही. तू खाली जाऊन रिक्षा आण, आपण निघू.”

“आणि तिथे गेल्यावर म्हणाले, सगळं ठीक आहे, तर? मागच्या वेळी जिना उतरतानाच अर्धे संपले होते ते.” तो दारात आडवा उभा राहिला. “मला दाखव आधी. मशीन खोटं आहे हे दाखव, मग उचलतो.”

त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा दाखवणं लवकर झालं असतं. वहिनी अप्पांना कपडे घालू लागली. मी औषधांच्या डब्यातून जखम धुवायचं पेरॉक्साइड घेतलं, स्वयंपाकघरातून पाव फुगवायचं यीस्ट घेतलं, आणि गॅलरीत, अप्पांपासून लांब, एका बाटलीत दोन्ही एकत्र केलं. फेस आला. पेटवलेली काडी विझवली आणि तिचं लाल टोक बाटलीत सोडलं. टोकाने भपकन पेट घेतला.

“हा ऑक्सिजन,” मी म्हणाले. “विझत आलेली काडी त्यात पुन्हा पेटते. आठवीची मुलंही हे करून बघतात.”

मग यंत्राची नळी गॅलरीत ओढली. बादलीत पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून यंत्राची हवा तिच्यात भरली. लाल टोकाची काडी आत सोडली. काडी काळी पडली आणि धुराची एक रेघ वर आली.

दादाने माझ्या हातून काडेपेटी घेतली. बाटली पुन्हा भरली, काडी आत सोडली. पुन्हा भरली. तो काड्यांमागून काड्या ओढत राहिला. बोट भाजलं तरी थांबेना. शेवटी वहिनीने आतून हाक मारली, “अहो, त्यांना बूट घातलेत, चला.” तेव्हा त्याने काडेपेटी खाली ठेवली आणि अप्पांना पाठीवर घेऊन जिना उतरला.

दवाखान्यातल्या मीटरने आधी बराच वेळ गार बोटात नाडी शोधली. मग ऑक्सिजनचा आकडा दाखवला: चौऱ्याहत्तर. अप्पांना आत नेलं. दार बंद झालं.

बाकावर बसून दादाने श्वासगुरूला फोन लावला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होतं.

“घरात कोणी शंका घेतली का, भाऊ?”

“माझ्या बहिणीने.”

“मग झालं. मशीन रुसलं.”

“पेन्सिल का नाही रुसली?” दादाने विचारलं.

पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी झाकण उघडलं. अशा यंत्रात दोन नळकांडी असतात आणि त्यांत बारीक खडे भरलेले असतात. हवा त्यांच्यातून जाते तेव्हा खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. ओल शिरली की खडे निकामी होतात. आमच्या यंत्रातल्या खड्यांचा ओला गोळा झाला होता. मोटर तेवढी चालू होती. म्हणजे अप्पांच्या नाकाशी आम्ही एक पंखा लावला होता. ऑक्सिजन कमी पडला की किंचाळणारा भोंगा होता, पण त्याची तार कापून टोकाला चिकटपट्टी लावली होती. लाल दिव्याच्या जागी हिरवा बसवला होता.

उरलेले चमत्कार त्याहून स्वस्त. तळहात ठेवल्यावर यंत्र ‘उठतं’, कारण प्लगमध्ये ठरल्या वेळी वीज सोडणारं बटण बसवलेलं असतं. गुरूला फक्त तोवर ओठ हलवायचे असतात. म्हाताऱ्याचा आकडा पडतो, कारण बोट चिमट्यात अर्धवट घालून हलवत ठेवलं की चांगला मीटरसुद्धा गोंधळतो आणि पंच्याऐंशीच्या आसपास घोटाळतो. दवाखान्यातला मीटर लावून मी माझ्याच बोटावर करून पाहिलं. बोट नीट आत सरकवलं, स्थिर धरलं, की सत्त्याण्णव. नळी नाकात असो वा नसो.

शुक्रवारी मी इस्त्रीवाल्याच्या दुकानात गेले. दादा सोबत होता. फोनवर गुरू बोलतच होता. मी काय झालं ते सांगितलं. बाटल्या मांडून काड्या दाखवल्या.

“तुमचं एक मशीन खराब निघालं म्हणून सगळ्यांचंच खोटं का?” पायऱ्यांवरून एकाने विचारलं.

“नाही. म्हणूनच प्रत्येकाचं तपासू या. काडेपेटी माझी आहे, मशीन तुमचं.”

“शंकेखोर माणसांमुळेच होतं असं,” दुसरा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी पडद्याकडे वळले तसा इस्त्रीवाला मध्ये आला. हातात गरम इस्त्री तशीच.

“तिच्याजवळ जाऊ नका, बाई.”

“फक्त मीटर बघते.”

“मी बघितलाय. सत्त्याण्णव आहे. दिवसभर मी तोच आकडा बघून हात चालवतो.” त्याचा आवाज अगदी खाली आला. “तुम्ही हा काढून घेतलात तर मी कशाकडे बघू?”

दादा पुढे झाला. “मीही तेच म्हणत होतो रे. त्या वेळात माझे अप्पा माझ्यासमोर गुदमरत होते, आणि मी आकडा बघून चहा पीत होतो. तिला नको लावू. दुसऱ्या कशाला तरी लाव.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली. मग तो आत गेला आणि मीटर घेऊन आला. चळतीतल्या वरच्या शर्टाची कडक कॉलर त्याने चिमट्यात धरली. नुकतीच इस्त्री केलेली, अजून कोमट कॉलर.

अठ्ठ्याण्णव.

त्याने ती कॉलर सोडली, दुसरी धरली. मग इस्त्रीचा प्लग काढला. “धरा जरा, बाई,” म्हणून मीटर माझ्या हातात दिला आणि पडदा बाजूला केला. तिला उचलायला आता पायऱ्यांवरचेही आले. ज्याने मला शंकेखोर म्हटलं होतं त्याने तिची पावलं शालीत गुंडाळली. ती इतकी हलकी होती की चार माणसांची गरजच नव्हती, पण कोणी हात काढला नाही.

ती वाटेत गेली. दवाखान्याच्या दारापर्यंत इस्त्रीवाला तिच्याशी बोलत होता.

अप्पा घरी आले. रांगेतला त्यांचा नंबर लागला आणि दवाखान्याचं यंत्र मिळालं. ते आता मला माझ्या नावाने हाक मारतात. पण डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनवाचून गेलेल्या त्या दिवसांत हृदयावर जो ताण आला तो निघणारा नाही. खोलीतून गॅलरीपर्यंत चालणं आता त्यांना जमत नाही. तक्रार दिली आहे. श्वासगुरूचं पान बंद झालं आणि वेगळ्या नावाचं दुसरं उघडलं. शर्ट तोच पांढरा.

लोकांना मूर्ख म्हणून हा प्रश्न सुटत नाही. माझा दादा मूर्ख नाही, इस्त्रीवालाही नाही. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणावं असं वाटतं, आणि ते विकणारे असतातच. म्हणून एवढंच सांगते. जुनी वस्तू घ्यायला हरकत नाही, गरीब माणूस दुसरं काय घेणार. पण ज्याच्याकडून यंत्र घ्याल, त्याच्याच मीटरने ते मोजू नका. ‘उघडू नका, तपासू नका, दुसऱ्याला दाखवू नका’ असं जो म्हणेल, त्याच्यासमोरच उघडा, तपासा आणि चार जणांना दाखवा. खऱ्या वस्तूचं शंकेने काही बिघडत नाही. आणि आकडा कितीही चांगला दिसला, तरी एकदा आपल्या माणसाच्या नखांकडे बघा.