नोलीनच्या तीन टिकल्या

कुरावीन गावात स्वतःसाठी काही मागणं म्हणजे चारचौघांत ढेकर दिल्यासारखं समजतात. बिस्किटांची बशी पुढे आली की तुटकं उचलायचं. छप्पर उडालं असलं तरी "आमचं अगदी झकास चाललंय" असं म्हणायचं. अशा सभ्य माणसांना कुणी मतं विचारायला जाऊ नये. पण कौन्सिलने शहरातून टॅम्सिन नावाची उत्साही पोरगी पाठवली आणि गावाला नवसंजीवनी द्यायचं ठरलं.

गाव खरंच मरायला टेकलं होतं. बँक गेली, बेकरी गेली आणि हमरस्त्यावरच्या एकुलत्या सार्वजनिक संडासालाही कौन्सिलने कुलूप ठोकलं. आता पैसे एकाच कामापुरते होते. टॅम्सिनने सभागृहात बारा तक्ते लावले आणि प्रत्येकाला तीन लाल टिकल्या दिल्या. जे काम सर्वांत आधी व्हायला हवं, त्यावर चिकटवायच्या.

नोलीनला संडास हवा होता, दुसरं काहीच नको होतं. तिचा नवरा क्लॅरी ऑपरेशननंतर वीस मिनिटांच्या वर तग धरत नसे आणि शेतावरून गावात यायलाच पंधरा लागत. पूर्वी दर शनिवारी तो लिंडसे खाटकाच्या दुकानासमोर बाकावर बसून दोस्तांबरोबर हवामानाला शिव्या घालायचा. संडास बंद झाल्यापासून, म्हणजे चौदा महिने, तो गावात फिरकला नव्हता. आधी तो निदान कुत्र्याशी तरी बोलायचा. हल्ली तेही बंद झालं होतं आणि नोलीनला त्याच्यासाठी फार भीती वाटायला लागली होती. पण क्लॅरीने तिच्याकडून शपथ घेतली होती. "माझ्या लघवीची चर्चा गावात व्हायला नकोय मला!"

ती टिकल्या घेऊन संडासाच्या तक्त्यासमोर उभी राहिली. तेवढ्यात मागून औषधांच्या दुकानवाली बेव आली.

"काय गं, कुठे लावतेस?"

नोलीनची पाचावर धारण बसली. तिने शेजारच्या तक्त्यावर, स्केटबोर्डच्या मैदानावर, तिन्ही टिकल्या दडपून लावल्या. "मुलांसाठी गं," ती म्हणाली.

"किती विचार करतेस तू लोकांचा!" म्हणत बेवनेही आपल्या तिन्ही तिथेच लावल्या. घरी जाताना नोलीनने गाडीत स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

गुरुवारी सभेत टॅम्सिनने निकाल सांगितला. स्केटबोर्डच्या मैदानाला एकशे अठ्ठ्याऐंशी टिकल्या. संडासाला शून्य.

गावात मुलं होती सहा. त्यातल्या दोघांना सायकलचीही भीती वाटायची.

"मला वाटलं बेवला हवंय," लिंडसे पुटपुटला.

"मला? मी तर नोलीनचं बघून लावल्या!"

"अहो, पण तुम्हाला स्वतःला काय हवंय?" टॅम्सिन रडकुंडीला आली होती. अख्खं गाव आपापल्या बुटांकडे बघत बसलं.

नोलीन उठली. "मला संडास हवाय," ती म्हणाली. "माझ्या क्लॅरीला वीस मिनिटांच्या वर धरवत नाही, म्हणून तो चौदा महिने घरात कुजतोय. सांगू नको म्हणाला होता. सांगितलं. आता काय हसायचं ते हसा."

कुणी हसलं नाही. टॅम्सिन घाईघाईने म्हणाली की पुन्हा मतं घेऊ, पण संडास व्हायला दीड वर्ष तरी लागेल.

"दीड वर्ष कशाला?" लिंडसे म्हणाला. "माझ्या दुकानामागे आहे की. बाकापासून नऊ पावलं."

"माझ्याकडच्या संडासात धरायला दांडीसुद्धा आहे," बेव म्हणाली. मग पबवाला उठला, मग चर्चची चावी सांभाळणारी बाई उठली. पाच मिनिटांत क्लॅरीला चार संडास मिळाले. नोलीनला रडू फुटलं आणि लगेच संतापही आला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत मेल्यांनो?"

"तू विचारलंस कुठे?" लिंडसे म्हणाला.

घरी क्लॅरी जेवत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याचे कान लाल झाले.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्याने ताट बाजूला सारलं.

"नऊ पावलं," तो म्हणाला. "लिंडसेची की माझी? तो ताडमाड आहे."

"तुझ्यासारखे पाय ओढत तिथे चालून बघितलं मी येताना," नोलीन म्हणाली. "चौदा झाली."

क्लॅरीने मनातल्या मनात हिशेब केला. "जमतील," तो म्हणाला आणि शनिवारचा शर्ट शोधायला उठला.