पकड सुटलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. वयाने म्हणाल तर मला अजून वर्षही झालेलं नाही, पण ज्या दोरावर पुन्हा कुणी भार टाकणार नाही, तो जुनाच समजायचा. माझा आता हातभर तुकडा तेवढा उरला आहे. चेन्नईत, वेस्ट मांबलममधल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत, हत्यारांच्या फळीवर मी खिळ्याला लटकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर चुकवतो.

माझा जन्म याच बाल्कनीतला. हे घर बालाजीरावांचं. तंजावरकडचे मराठी गृहस्थ, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. त्यांच्या घरातली मराठी पुस्तकातल्यासारखी नसते, तिच्यात बरीच तमिळ मिसळलेली असते. गबाळं काम मात्र त्यांना बघवत नाही. शेजारणीच्या दाराची कडी करकरली, तरी हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर.

इमारतीच्या आवारात पिवळ्या गुलमोहराची मोठमोठी झाडं आहेत. ऑक्टोबरात वादळी पाऊस सुरू होण्याआधी त्यांच्या फांद्या छाटाव्या लागतात. ते काम मुरली करतो. झाडावर करवत चालवायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चढणारा कमरेच्या पट्ट्याला दोर लावतो, तो खोडाभोवती फिरवतो आणि त्याच्या भरवशावर मागे रेलतो. मुरलीचा दोर म्हणजे नुसता गाठींचा गठ्ठा होता. तो आखूड करायचा तर एक गाठ सोडून दुसरी मारायची, त्यासाठी दातसुद्धा वापरायचे. उरलेलं शेपूट जाईल तिथे फांद्यांत अडकायचं. बालाजीरावांनी दोन दिवस हे वरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी खाली उतरून, धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते तमिळमध्ये म्हणाले, “तंबी, हे टाकून दे. मी तुला नीट करून देतो.”

मग आठ दिवस माझ्यावर काम चाललं. बारा फूट घट्ट विणीचा दोर. एका टोकाला पट्ट्यात अडकवायचा पोलादी आकडा, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेला, टाके सगळे एका मापाचे. माझ्या अंगाभोवती एका बारीक दोरीचे सहा वेढे, आणि ती बारीक दोरी मुरलीच्या पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूच्या कडीला. भार पडला की ते वेढे मला आवळून धरायचे. भार काढून अंगठ्याने ढकलले की सरकायचे. एका हाताने मला लांब करा, एका हाताने आखूड करा. माझं दुसरं टोक दुमडून जाड शिवलं होतं, म्हणजे वेढे निसटून जायला नकोत. उरलेलं शेपूट ठेवायला खाकी कापडाची पिशवी होती.

मुरलीने मला लावून एकदा मागे रेलून पाहिलं आणि तो मोठ्याने हसला. बाकीचे चढणारे कामं सोडून मला हातात घेऊन बघू लागले. एकाने तर माझा मोबाइलवर फोटो काढला. मी फुगलो, मित्रांनो. तो गाठींचा दोर कोपऱ्यात पडला होता, त्याला मी मनातल्या मनात हसलो. हे आठवलं की आता मान वर होत नाही.

तीन आठवड्यांनी आयुधपूजा आली. तमिळनाडूत नवरात्राच्या नवव्या दिवशी प्रत्येक जण आपली हत्यारं पुसतो, त्यांना चंदन-कुंकू लावतो, त्यांची पूजा करतो. बालाजीरावांनी हौसेने मुरलीची करवत आणि मला आपल्याकडे ठेवून घेतलं. त्यांच्या पत्नीने, सकवारबाईंनी, हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली सुकी उसळ, केलं. कारखान्यात दर वर्षी करायचे तसा बालाजीराव एकेका वस्तूवरून तेलाचा हात फिरवू लागले. पाना झाला, पक्कड झाली, करवत झाली, माझा आकडा झाला. आकड्यावरून हात तसाच पुढे माझ्यावर आला. तेच फडकं, तेच तेल, आणि किती माया! सहाही वेढ्यांना त्यांनी बोटांनी तेल चोळलं.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. तेलाने माझा रंग उजळला. धरून ठेवणं हेच माझं एकुलतं एक काम, आणि ते मी त्या दिवशी विसरलो.

दोन दिवसांनी मुरली दुमजली उंचीवर, गुलमोहराच्या खोडाला मला वळसा घालून मागे रेलला. वेढ्यांनी मला धरलं नाही. मी सर्रकन निसटत गेलो, थेट शिवलेल्या टोकापर्यंत. तिथे वेढे अडले म्हणून मुरली खाली कोसळला नाही. पण तो हिसक्याने मागे गेला, झोका खाऊन खोडावर आदळला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हातातली करवत खाली पडली ती थेट शेषाद्रींच्या गाडीवर.

शेषाद्री म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. गाडीच्या टपाला पडलेली खोक बघून ते सगळ्यांदेखत ओरडले, “पिऊन चढला असेल! आजपासून याला कुणी बोलवू नका. शेजारच्या इमारतींनाही मी सांगतो.” पावसाच्या आधीचे हे दिवस म्हणजे मुरलीच्या वर्षाच्या कामाचे दिवस. तो शिडीशी बसला होता, ओठ पांढरे पडलेले.

बालाजीराव धावत खाली आले होते. त्यांनी मला हातात घेतलं आणि त्यांची बोटं माझ्यावरून घसरली. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. त्यांनी हात वेष्टीला, म्हणजे नेसत्या धोतराला, पुसले, मला गुंडाळलं आणि वर आणून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. झाकण लावलं. तीन दिवस ते झाकण उघडलं नाही. शेषाद्रींची वाणी जिन्यातून रोज ऐकू यायची, मुरलीचं नाव रोज मलिन व्हायचं, आणि आम्ही दोघं गप्प. मी पेटीत, ते पेटीबाहेर.

चौथ्या दिवशी धुणं वाळत घालताना सकवारबाई थांबल्या. “अहो, ह्या वेष्टीस तेलाचं डाग कसं पडलं?”

“पूजेचं असंल.”

“पूजेस तुम्ही रेशमाची पट्टुवेष्टी नेसलांत. हे मुरली पडला त्या दिवसाचं.” त्यांनी तो डाग नवऱ्यापुढे धरला. “त्या लेकरास पिणारा म्हणतात अस्के, इमारतीतले सगळे. तुम्हांस ऐकू येत नाही की काय?”

बालाजीराव उठले. पेटी उघडली. त्या उजेडाचीसुद्धा मला लाज वाटली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये इमारतीची बैठक होती. मुरली त्या दिवशी इथेच राहिलेली आपली करवत परत मागायला आला होता, हात गळ्यात बांधलेला. बालाजीरावांनी मला सर्वांसमोर टेबलावर ठेवलं. “हा दोर मी केला. याला तेलही मीच लावलं. चौतीस वर्षं यंत्रांवर काम केलेला माणूस मी, तेलाने दोराची पकड सुटते हे मला कळायला हवं होतं. मुरलीने दारूला हात लावलेला नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसलो.” शेषाद्री चष्मा काढून पुसत बसले.

मुरली शांतपणे म्हणाला, “मलाही तेव्हाच कळलं होतं, सार. तळहाताला तेलाचा वास होता. मोठी माणसं तुम्ही, म्हटलं तुम्हीच सांगाल. रोज वाट बघत होतो.”

बालाजीरावांनी मान खाली घातली. माझंही तसंच झालं.

मग मुरलीने सुरी मागितली. तेल प्यायलेला दोर उद्या कुणी चुकून वापरेल, म्हणून तो कापूनच टाकायला हवा. पण त्याचा एकच हात चालत होता. “जरा ताणून धरता का, सार?” बालाजीरावांनी मला दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि मुरलीने मला कापलं. एकदा नव्हे, अकरा वेळा.

शेषाद्रींनी शेजारच्या इमारतींना स्वतः फोन केले. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, मुरली पुन्हा झाडावर चढू लागला. त्याच्या कमरेला आता तोच जुना गाठींचा दोर असतो. बालाजीरावांकडे दुसरा करून मागायला तो आलेला नाही. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, एवढंच.

मित्रांनो, हत्यारं जपा, पण कोणत्या वस्तूला काय चालतं ते आधी विचारून घ्या. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली, अन् तिचा बोल दुसऱ्याला बसत असेल, तर चौथ्या दिवसाची वाट बघू नका. त्या पेटीत मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.