शिवकांताची फळीगाडी

मित्रांनो, मी एक जुनी फळीगाडी आहे. गाडी म्हटलं म्हणून माझ्यापुढे बैल किंवा इंजिन शोधू नका. बाभळीची एक फळी आणि खाली लोखंडी बेरिंगची चार चाकं, एवढंच माझं अंग. मोठ्या दुष्काळात चाकूरजवळच्या एका गावात माझा जन्म झाला. पाऊस नाही म्हणून पेरणी नाही. मग माणिकप्पा सुतारांनी दारात पडलेली मोडकी तिफण फोडली आणि तिची लाकडं जोडून मला घडवलं, आपल्या पुतणीसाठी, शिवकांतासाठी. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. हातात लाकडी ठोकळे धरून ती मला ढकलायची. पहिल्या दिवशी ती मारुतीच्या पारापर्यंत एकटी गेली, तेव्हा माणिकप्पांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं.

त्याच साली रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. चुलत्याच्या घरातली भाकरी निम्म्यावर आली होती. शिवकांताला स्वतःच्या कमाईची भाकरी खायची होती. पण कामावरच्या मिस्त्रीने तिला पाहिलं की घरी धाडावं. हे धडधाकट माणसांचं काम आहे, असं तो म्हणायचा. वाईट बोलायचा नाही, उलट चुकचुकायचा. परत येताना माझी चाकंसुद्धा जड व्हायची.

श्रावणात सप्ताह बसला. पोटात अन्न नव्हतं, पण कीर्तनकार ग्यानोबा महाराज अभंगाला उभे राहिले की तेवढा वेळ कुणाला भूक आठवत नसे. काल्याच्या कीर्तनाला आमदारसाहेब आले. कुणीतरी लगबगीने खुर्ची मांडली. महाराजांनी हात वर केला, टाळ थांबले.

“साहेब,” महाराज हसून म्हणाले, “इथं सगळ्यांची बैठक एकच.”

साहेब भले माणूस. चप्पल काढून सतरंजीवर मांडी घालून बसले, नेमके आमच्या शेजारी.

कीर्तन संपलं. साहेब उठून गरीब बायांना लुगडी वाटू लागले. गावातल्या पोरांनी मायेपोटीच शिवकांताला उचलून ओट्यावर ठेवायला घेतलं, म्हणजे साहेबांना ती नीट दिसेल.

“ए, ठेवा मला खाली,” ती म्हणाली. “मला उचलू नका. साहेबांनाच म्हना, अजून घटकाभर बसा.”

लोक हसले. साहेबही हसले आणि बसले. आता दोघांचे डोळे समोरासमोर होते.

“साहेब, खडी उभ्यानं फोडत्यात का बसून?”

“बसूनच की, बाई.”

“मग म्या तर जलमभर बसलेलीच हाय. मला का घरी धाडत्यात?”

मिस्त्री खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. साहेबांनी हातातलं लुगडं पुढे केलं. तिने ते हलकेच मागे सारलं.

“हे नगं. कामाच्या हमीचा कायदा होनार म्हन्तेत. त्यात आमचं नाव घाला. माझ्यासारखे लई हायत.”

“मांडीन बाई. पण लगेच होईल असं नाही.”

“हाव. इसरलात तर म्या येऊन आठवन देईन.”

दुसऱ्या दिवशी कामावर तिच्या नावाचा पुकारा झाला. पहिल्या मजुरीच्या पिठाची भाकरी तिने स्वतः थापली आणि पहिला तुकडा महाराजांकडे पाठवला. पण तिला एकटीची भाकरी गोड लागेना. सप्ताहाला येणारा, लोहा गावचा आंधळा लिंबाजी घरीच होता, असे गावोगाव कितीतरी जण घरी बसून होते.

मग साहेबांच्या दारी आमचे खेटे सुरू झाले. मी एस.टी.च्या टपावर, शिवकांता आत, पुढे लिंबाजीही सोबत. साहेबांनी शब्द पाळला, सभागृहात प्रश्न मांडला. शाळेच्या मास्तरांनी तो पेपरातून पारावर वाचून दाखवला. उत्तर गुळमुळीत होतं. निवडणुकीत साहेब गेले, दुसरे आमदार आले. शिवकांता त्यांनाही आधी बसवायची, मग बोलायची.

लातूर जिल्हा झाला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता कचेरी जवळ आली. पण एका कचेरीच्या दाराला उंच पायऱ्या होत्या. लिंबाजीने खालीच अभंग धरला, शिवकांताने टाळी. शेवटी वरचे अधिकारी उतरून आले आणि खालच्या पायरीवर बसले. अर्ज तिथंच ऐकला गेला. वर्षभरात तिथं उतरती वाट बांधली गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी दिल्लीत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तो काही एकट्या शिवकांताने आणला नाही. देशभरातल्या अशा अनेकांच्या खेट्यांचा तो प्रसाद होता. आमच्या वाट्याला त्यातला एक कण आला. शिवकांताने तो कपाळाला लावला.

आता तिच्याकडे तीनचाकी सायकल आहे. मी देवळाच्या कोपऱ्यात असते. पोरं माझ्यावर ओल्या चपला ठेवतात, चाकं गंजतात. पण सप्ताह आला की शिवकांता हाक मारते, “माझी फळी आना रे. सायकलीवर बसले की म्या सगळ्यांच्या वर दिसते. कीर्तनात ते बरं न्हाई.” मग मला तेल मिळतं आणि त्या एका सतरंजीवर जागाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर वर्षातून दोन थेंब तेल सोडा, मी तक्रार करणार नाही. आणि शिवकांतासारखं कुणी भेटलं तर उचलायला धावू नका. आधी शेजारी बसा आणि तिला काय म्हणायचंय ते विचारा.