निखारा आणि दोन बोटं खिडकी

मनकर्णाबाई साऱ्या वाडीशी भांडायची, पण जावयापुढं तिच्या तोंडून ब्र निघत नसे. लेकीच्या बाळंतपणाला सोयगावकडून पुंडलिकनगरच्या फ्लॅटवर येऊन तिला नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत सुदर्शन घरात शिरला की ती डोईवरचा पदर पुढं ओढायची आणि जे काय बोलायचं ते लेकीच्या, प्रांजलीच्या तोंडून बोलायची.

आणि बोलायला तर लई होतं. जानेवारीची थंडी, नळाचं पाणी हाताला चावायचं. सुदर्शननं हौसेनं खोली गरम करायचा हीटर आणला, तो दुसऱ्याच दिवशी फट्‌ करून बोर्डासकट गेला. मनकर्णाबाईला आतून बरंच वाटलं. बाळंतिणीला शेक द्यावा तो विस्तवाचा! तिची स्वतःची पाच लेकरं बाजेखालच्या निखाऱ्यांवर वाढली होती. म्हणून तर तिनं गावाहून शेगडी अन्‌ बाभळीचा कोळसा आणला होता. पण सुदर्शन म्हणाला, "मामी, शेगडी राहू द्या, धूर होईल." धूर होईल म्हणे! जिनं जन्मभर चूल फुंकली तिला हा शिकवणार!

मंगळवारी तो कामावर गेला आणि बाईनं गॅलरीत शेगडी पेटवली. कोळसा लालभडक होईस्तोवर थांबली. धुराचं नाव नाही. मग ती प्रांजलीच्या पलंगाखाली सरकवली, खिडक्या घट्ट लावल्या, दार ओढून घेतलं, दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि समाधानानं अळिवाची खीर करायला गेली.

खीर उकळते न उकळते तोच आतून हाक आली.

"आई, डोकं फुटायलंय गं. अन्‌ ही दूधच पीना. उठवून उठंना."

मनकर्णाबाईनं नातीला उचललं. पोर ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली. बाईनं जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारच्या रत्नमालाताई धावत आल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या त्या. शेगडी बघताच त्यांनी एकच सांगितलं, "आधी बाहेर! सगळ्या बाहेर!"

गॅलरीतल्या गार वाऱ्यात थोड्या वेळानं पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. असं गोड रडणं मनकर्णाबाईनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

तरी रत्नमालाताईंनी रिक्षा करून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. मायलेकींना दोन-तीन तास ऑक्सिजन लावला, तपासण्या झाल्या. काही धोका नाही, घरी न्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मनकर्णाबाईकडं वळल्या.

"मावशी, धूर दिसला नाही तरी निखाऱ्याचा विषारी वायू असतोच. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो."

"पण माझी पाच लेकरं..."

"घर कसं होतं तुमचं?"

मनकर्णाबाईला गावचं घर आठवलं. धाब्याचं घर. धूर जायला छताला सानं, एवढं मोठं भोक. दाराखालून मांजर ये-जा करायची. आणि इथं मुंगीला शिरायला जागा नाही, त्यात आपण लुगडं कोंबलं!

"घराचं ध्यानातच नाय आलं माझ्या," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मग शेक द्यावा तरी कशाचा?"

"बाळाला आईच्या छातीशी ठेवा. दोघींवर लोकरीचं काहीतरी पांघरा, बाळाचं तोंड तेवढं उघडं राहू द्या. खिडकी दोन बोटं उघडी. घरात लोकरीचं आहे ना काही?"

आता काय म्हणावं! धनगराच्या घरात लोकर हाय का म्हणे! मालकांनी, कडूबांनी, घरच्या मेंढ्यांची लोकर कातरून नातवंडासाठी काळं घोंगडं विणून घेतलं होतं. त्याला मेंढरांचा वास येतो, जावई काय म्हणेल, म्हणून हिनं ते नऊ दिवस पिशवीतून काढलंच नव्हतं.

संध्याकाळी प्रांजलीच्या अंगावर आत मऊ लुगडं, वर घोंगडं आणि छातीशी पोर. चुटूचुटू दूध पीत होती. मनकर्णाबाईनं तिचे तळवे चाचपले. गरम! जीव भांड्यात पडला. पण अर्धाच, कारण सुदर्शन यायचा होता. वाळूजच्या त्याच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो आपल्याला पुन्हा नातीला हात लावू देईल का? उद्याच्या एसटीत बसवून दिलं तरी त्याचं चुकलं नसतं.

सुदर्शन आला तो मफलर गुंडाळून, गारठून, थेट खोलीत. "काय वारं येतंय," म्हणाला आणि त्यानं खर्रकन खिडकी लावली.

"जावई! खिडकी नका लावू!"

मनकर्णाबाई ओरडली होती. डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. मग शेगडी, लुगडं, दवाखाना, सगळं एका दमात बाहेर पडलं. "चूक माझी हाय. पोरीला काय बोलू नका."

सुदर्शन पलंगाच्या कडेवर मटकन बसला. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. त्यानं लेकीकडं बघितलं. मग उठला आणि त्यानं खिडकी मोजून दोन बोटं उघडली.

"मामी," तो म्हणाला, "मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, भिंती काळ्या होतील. नऊ दिवसांत आपण दोघं नीट बोललोच नाय. इथून पुढं असंच ओरडत जा माझ्यावर."

आणि त्यानं पोरीच्या गालाकडं हात नेला.

"व्हय, ओरडते की," डोळे पुसत मनकर्णाबाई म्हणाली. "ते गार हात मागं घ्या आधी!"