एकवेळचा नवस

"ताई, तुमचा काटाच खराब असंल," सुकन्या म्हणाली.

वजनाचा काटा चव्वेचाळीसवर अडून बसला होता. मागच्या महिन्यात चव्वेचाळीस, त्याच्या आधीच्या महिन्यातही चव्वेचाळीस. चांगुणाने सुकन्याला खाली उतरवलं आणि स्वतः वर चढून बघितलं. अठ्ठावन्न. तिच्या बाबतीत हा काटा कधीच खोटं बोलत नसे, हीच तर तिची तक्रार होती.

"काट्याला काय धाड भरली न्हाई. तूच खाऊन न्हाई राहिलीस," चांगुणा करवादली. "सहावा सरत आला अन् वजन जागचं हलंना. डॉक्टरीणबाई मलाच झाडून राहिल्यात."

कंधारजवळच्या या गावात चांगुणा सोळा वर्षांपासून आशा कार्यकर्ती होती. तोंडाने फटकळ. गावातल्या बाया तिला भीत, आणि पहिली कळ आली की तिलाच हाक मारत. दोन महिने ती सुकन्याला रागावत होती, गोळ्या देत होती, शेंगदाणे खा, गूळ खा, वरण खा म्हणून घसा कोरडा करत होती. सुकन्या मान डोलवायची. वजन मात्र ढिम्म.

गेल्या वर्षी सुकन्याचं पहिलं बाळ सातव्यातच जन्मलं होतं. सव्वा किलोचं. नांदेडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत दोन दिवस होतं, मग गेलं. ते बारकं तोंड चांगुणा अजून विसरली नव्हती. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

"ओसरीची भुई खालीवर हाय ना ताई, काटा हलत असंल," सुकन्या पुन्हा म्हणाली. "आत फरशी हाय. तिथं ठिवून बघू."

चांगुणा घुटमळली. सोळा वर्षांत ती या घराच्या ओसरीपर्यंतच आली होती. 'आत येऊ नको' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि 'ये' असंही कुणी म्हटलं नव्हतं. ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. बौद्धवाड्यातली चांगुणा आली की चहा त्याच कपात यायचा. तिचा मुलगा सुगत विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला, तरी तो कप काही कोनाड्यातून हलला नाही. पण आज प्रश्न काट्याचा होता. तिने काटा उचलला आणि उंबरा ओलांडला.

फरशीवरही चव्वेचाळीसच भरले.

उठता उठता तिचं लक्ष चुलीजवळच्या टोपल्याकडे गेलं. फडक्याखाली भाकरींची चवड तशीच होती. शेजारी अंबाडीची भाजी, तिलाही कुणी हात लावलेला नव्हता. बारा वाजून गेले होते.

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

"च्या घेतला."

"अन् जेवन?"

"आत्याचं व्हायचं हाय ना." सुकन्या खाली बघत म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू, गुणाबाई. "त्या दिवे लागल्यावरच जेवत्यात. माळेगावच्या खंडोबाला नवस बोलल्यात. बाळ सुखरूप येईस्तोवर एकच वेळ जेवन."

"तुला खाऊ नको म्हनल्या का त्या?"

"न्हाई वो! पर सासू उपाशी शेतात राबून राहिली अन् म्या ताटावर बसू? घास उतरत न्हाई, ताई."

चांगुणा तिथेच चुलीजवळ बसली. दोन महिने आपण या पोरीला उगीच बोल लावला, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली. ओसरीवर बसून हे टोपलं तिला दिसणार तरी कसं?

तेवढ्यात गुणाबाई शेतातून आली. डोक्यावरचा गवताचा भारा अंगणात टाकून ती दारात आली, आणि चांगुणा थेट चुलीजवळ बसलेली पाहून जागीच थांबली.

"रागं भरायचं तर मागून भरा, काकू," चांगुणा म्हणाली. "आधी ह्ये टोपलं बघा. सून सकाळधरनं उपाशी हाय. रोजच ऱ्हाती."

"उपाशी?" गुणाबाईने सुनेकडे पाहिलं. "म्या पहाटं शेतात जाते. मला वाटायचं, ती वेळंवर खाती. नवस माझा हाय, तिचा न्हाई."

"तुमच्यापायी ती उपाशी, अन् तिच्यापायी पोटातलं. एका नवसात तीन जीव उपाशी हायेत."

गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "पहिलं लेकरू म्या काचंतूनच बघितलं," ती हळूच म्हणाली. "मांडीवर बी घेता आलं न्हाई. म्हनून तर बोलले नवस. आता मोडला अन् देव रुसला तर?"

"मंग देवाला सांगा, चांगुणानं मोडायला लावला. पाप माझ्या नावावर टाका. म्या तुमच्या देवाला मानत न्हाई. माझ्यावर रुसून त्याला काय भेटनार हाय?"

गुणाबाईला रडता रडताच हसू फुटलं. "लई आगाऊ हायेस बघ तू."

मग ती डोळे पुसत उठली. हातपाय धुतले, खंडोबाच्या तसबिरीपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली. फळीवरून तिने दोन ताटं काढली. थोडं थांबून तिसरंही काढलं.

"बस," ती चांगुणाला म्हणाली. "पापात वाटा घेतलास, तर जेवनात बी घे. एकटीच्या हातानं नवस मोडवत न्हाई मला."

पिशवीतला स्वतःचा डबा चांगुणाने तसाच राहू दिला आणि ताट पुढे ओढलं. सुकन्याने त्या दुपारी दोन भाकरी खाल्ल्या, आणि तिसरी अर्धी सासूने बळंच वाढली.

पुढच्या महिन्यात काटा सेहेचाळीसवर गेला, त्याच्या पुढच्या महिन्यात अठ्ठेचाळीसच्या वर. दिवस पुरे भरले आणि कंधारच्या दवाखान्यात सुकन्याला मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. चांगुणाने वजन तीनदा वाचून घेतलं.

पाचव्या दिवशी ती बाळाला बघायला गेली. ओसरीवर टेकली आणि सवयीने तिचा हात कोनाड्याकडे गेला. कोनाडा रिकामा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात नळाखाली तो कान तुटका कप पडला होता आणि एक कोंबडी त्यातून पाणी पीत होती.

"भाईर काय बसून राहिलीस?" आतून गुणाबाईची हाक आली. "लेकरू माझ्या मांडीवर झोपलं हाय, मला उठता येईना. ताटं तूच घे आता."

चांगुणाने चप्पल काढली आणि ती आत गेली.